कोऱ्या कागदावरचा नेम

श्रोतेहो, आज सभागृहात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर मुलांना घेऊन येणारे पालक आणि काही तरुण प्रशिक्षक बसले आहेत, त्यामुळे मी थेट मुद्द्यावर येतो. पॉइंट टू टूचे, म्हणजे सुमारे ०.२२ इंच जाडीच्या गोळीचे, पिस्तूल प्रथमच हाती धरणाऱ्याला पहिला महिनाभर टार्गेटवरचे काळे वर्तुळ दाखवूच नये, त्याच्यासमोर कोरा कागद लावावा, असे माझे ठाम मत आहे.

हे मत मी स्वतः ठेच खाऊन बनवले आहे. मी शिकायला गेलो त्या पहिल्याच दिवशी २५ मीटरवर टार्गेट लागले आणि प्रत्येक गोळीमागे ‘किती गुण?’ या अर्थाने ‘किती?’ अशी विचारणा सुरू झाली. हात डोलत डोलत काळ्याच्या मध्यावर आला की मी घाईने ट्रिगर हिसकत असे आणि गोळी डावीकडे खाली जाई. ‘हात स्थिर ठेव,’ एवढेच सांगितले जाई, म्हणून मी घरी पाण्याची भरलेली बाटली धरून उभा राहू लागलो. दोन वर्षांत दंड बळकट झाला, गोळ्या मात्र डावीकडे खालीच पडत राहिल्या. अखेर एका वयस्कर नेमबाजांनी मला मान वळवायला सांगितली आणि कधी खरे, कधी नकली काडतूस भरून ते पिस्तूल माझ्या हाती देऊ लागले. नकली काडतुसाच्या वेळी आवाज झालाच नाही, पण नळी झपकन खाली गेलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. न आलेल्या धक्क्याला माझे मनगट आधीच उत्तर देत होते! वास्तविक या काडतुसाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, तिचा धक्का तो केवढा? माझे मनगट बिचकत होते ते आवाजाला आणि पाठीमागच्या त्या ‘किती?’ला. दहा मिनिटांत कळण्याजोग्या गोष्टीपायी माझी दोन वर्षे गेली, याचे दुःख मला आजही आहे.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. त्यांच्यासारखे व्हायचे म्हणून येणाऱ्या मुलीला आपण पहिल्या दिवशी गुण विचारतो, तेव्हा तिच्या मनगटात हीच भीती पेरतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून हिशेब थोडक्यात सांगतो. नेम धरताना नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा, म्हणजे माशी, मागच्या खाचेत बसवून पाहायचा असतो; या दोहोंत २२० मिलिमीटर अंतर धरा. सबंध हात सरळ १ मिलिमीटर सरकला, तर गोळीही तेवढीच सरकते; पण माशी खाचेत १ मिलिमीटर कलली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर चुकते, म्हणजे काळे सोडून सहा गुणांच्या वर्तुळात जाते. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो आणि काळे दिसले की तो माशी सोडून तिकडे धावतो.

आता पद्धत. नळी सदैव टार्गेटकडे, आणि माशी खाचेत बसेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. या काडतुसाची दारू पेटते ती काडतुसाच्या बुडाच्या कडेवरच्या आघाताने, त्यामुळे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढल्यास आघात करणारी पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, कडेवर आदळू शकते. म्हणून गोळी न झाडता करायचा सराव नकली काडतूस घालूनच करावा. मग १० मीटरवर एकेक खरी गोळी, अधूनमधून न सांगता नकली. महिना झाला आणि पाच छिद्रे एकमेकांजवळ पडू लागली की काळे वर्तुळ लावावे. कोऱ्या कागदासाठी वेगळा खर्च नाही. टार्गेट उलटे लावले की झाले.