गळाला काय लावायचं?

नमस्कार श्रोतेहो. पावसाने उघडीप दिली, ओढे भरून वाहायला लागले की गळ टाकायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गांडुळं मिळाली का?" गांडुळाला नावं ठेवायला मी इथे बसलेलो नाही. पण कुठलंही पाणी असो, कुठलाही मासा असो, बारा महिने गांडूळच लावायचं, हे काही मला पटत नाही. गळाला काय लावायचं ते आपल्या सोयीवर नाही, माशाच्या खाण्यावर ठरतं.

तेव्हा आधी माशाचं तोंड बघा. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो. रोहूच्या ओठांना झालर असते, तो शेवाळ आणि कुजका पाला खरवडतो. मृगळ तळाच्या गाळात तोंड घालून असतो. या तिघांसाठी गांडुळामागे धावपळ करू नका. कणकेत भुईमुगाची पेंड मळून घट्ट गोळी लावा आणि स्वस्थ बसा.

जिवंत आमिष खरं लागतं ते शिंगाळा, वाम, मरळ अशा शिकारी माशांना. त्यातही दोन तऱ्हा आहेत. शिंगाळ्याला लांब मिशा असतात. गढूळ पाण्यात, अंधारात, तो तळाशी मिशांनी चाचपत वासावर फिरतो. त्याला आमिष दिसलं नाही तरी चालतं, वास यायला हवा. मरळीचं उलट. ती पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते आणि जे हलेल त्यावर झेपावते. तिच्यापुढे मेलेलं आमिष म्हणजे बहुतेक वेळा वाया गेलेली संध्याकाळ.

आता गांडुळाकडे येऊ. पावसाळ्यात काठाची माती वाहून येते, तिच्याबरोबर गांडुळंही पाण्यात येतात, म्हणून लाल पाण्यात ते चालतंच. गोठ्यामागची ओल, केळीचा बुंधा, मोरीचं पाणी मुरतं ती जागा, इथे खणा. मातीतलं जाड गांडूळ घ्या. गांडूळखताच्या वाफ्यातलं तांबडं बारीक गांडूळ दाबलं की पिवळा, उग्र वासाचा रस सोडतं. दुसरं मिळत नसेल तरच ते वापरा. डब्यात ओलसर माती आणि पालापाचोळा हवा, पाणी नको, आणि डबा उन्हात ठेवू नका. लावताना दोन-तीन ठिकाणी ओवून शेपटाकडचा भाग मोकळा सोडा. चिलापी, म्हणजे तिलापिया माशासाठी मात्र अख्खं लावू नका. ती टोक कुरतडते आणि निघून जाते, बोया, म्हणजे दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा, नुसता नाचत राहतो. तिच्यासाठी नखाएवढा तुकडा आणि बारीक गळ पुरे.

पाणी निवळलं की झिंगे. माझं मत विचाराल तर हिवाळ्यात झिंग्यासारखं आमिष नाही, आणि आपल्याकडे त्याचा जितका वापर व्हायला हवा तितका होत नाही. काठाच्या गवताखालून मच्छरदाणीचा तुकडा ओढला की मिळतात. मिळवणं सोपं, जगवणं अवघड. बादलीभर साचलेल्या पाण्यात दाटीवाटीने ठेवलेले झिंगे पटापट मरतात; त्यापेक्षा ओल्या पाणवनस्पतीत गुंडाळून सावलीत ठेवा, कितीतरी वेळ तग धरतात. झिंगा हातात घेऊन उजेडाकडे धरा. अंग काचेसारखं आरपार दिसतं आणि डोक्यात एक गडद ठिपका दिसतो. त्या ठिपक्याला गळ लागला की झिंगा संपला. शेपटीच्या आधीच्या पेरातून गळ काढा, म्हणजे तो पाय मारत राहतो.

मरळीसाठी दांडवणासारखे छोटे मासे लावतात. पाठीच्या परापाशी, कण्याच्या वरून, फक्त कातडीतून गळ घाला. इथे माझा एक आग्रह आहे. हे छोटे मासे ज्या पाण्यात गळ टाकणार त्याच पाण्यातले घ्या. १९८८ च्या सुमाराला आपल्या देशात माशांच्या अंगावर व्रण पडण्याचा रोग आला, आणि त्यात सर्वांत जास्त सोसलं ते मरळीनेच. एका तळ्यातलं पाणी बादलीतून दुसऱ्या तळ्यात ओतलं की असे रोगही बरोबर जातात. शिवाय चिलापी. १९५२ मध्ये ती बाहेरून भारतात आणली गेली, आज उजनीच्या जलाशयात तिचंच राज्य आहे. जिथे ती नाही तिथे आपल्या बादलीतून पोचायला नको.

मरळीला बेडूक लावायची जुनी पद्धत आहे. ती सोडा. शेतातली कीड खाणारा हा प्राणी. त्याच्या तंगड्यांची निर्यात इतकी वाढली होती की १९८७ मध्ये सरकारला ती बंद करावी लागली. आणि पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका एकत्र फिरताना दिसला, तर तिथे काहीच टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. त्यांना पकडण्यात कसब नाही, आणि पिल्लं मात्र त्यानंतर उघडी पडतात.

नाकतोडे भाद्रपद-आश्विनात. सकाळी दव असेपर्यंत पकडा, पंख ओले असल्याने त्यांना उडता येत नाही. बुडवायचं शिसं न लावता, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी सैल सोडून, पाण्यावर तरंगू द्या. वाहत्या ओढ्यात, झाडाच्या सावलीखाली, हे छान चालतं.

एवढं करूनही शंका असेल तर पहिला मासा साफ करताना पोट फेकून देऊ नका. कापून बघा. झिंग्यांची टरफलं, किड्यांचे पाय, बारीक काटे, जे असेल ते त्या दिवसाचं खाणं. शिंगाळा असेल तर गळ काढताना छातीकडच्या आणि पाठीवरच्या काट्यांपासून हात लांब ठेवा. बोटात घुसला तर दिवसभर ठणकतं.

धरणावर जाणार असाल तर तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी आधी घ्या, पाणी बहुतेक ठेक्याचं असतं. संध्याकाळी उरलेली गांडुळं परसातल्या झाडांच्या मुळाशी सोडा. उरलेले मासे आणि झिंगे जिथून काढले तिथेच. नमस्कार.