हस्तार्पण

(दृश्य: स्टेडियम, बाहेरून आणि आतून)

हे बर्फावरच्या हॉकीचं स्टेडियम. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचं, डरहॅम गावातलं. तारीख 2 नोव्हेंबर 2003. आज इथे खेळ नाही, बिशपचा, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाचा, दीक्षाविधी आहे. माणसं हजारोंनी आलीत. बाहेर पोलीस बंदोबस्त आहे.

हे जीन रॉबिन्सन, न्यू हॅम्पशायर धर्मप्रांताचे होणारे बिशप. झग्याच्या आत गोळीरोधक जॅकेट आहे, कारण जिवे मारण्याच्या धमक्या आल्यात. रॉबिन्सन समलिंगी आहेत, आणि ते त्यांनी लपवलेलं नाही.

जन्म 1947 चा, केंटकीतला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर तंबाखू पिकवायचे. रॉबिन्सन पुढे धर्मगुरू झाले, लग्न झालं, दोन मुली झाल्या. मग घटस्फोट, आणि त्यानंतर मार्क अँड्र्यू यांच्यासोबतचा संसार. आधीच्या बिशपांचे सहायक म्हणून ते याच धर्मप्रांतात वर्षानुवर्षं राबले. इथल्या मंडळीला त्यांच्या घरात कोण आहे हे पक्कं ठाऊक होतं.

आणि याच मंडळीने त्यांना निवडलं. हे नीट ऐका, कारण रॉबिन्सन लादले गेले असं फार बोललं जातं. एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वाढलेल्या अँग्लिकन परिवाराच्या अमेरिकेतल्या शाखेत, धर्मप्रांत आपला बिशप मतदानाने निवडतो. धर्मगुरूंची मतं वेगळी, सामान्य सभासदांची वेगळी, आणि दोन्हीकडे बहुमत लागतं. 7 जूनला कॉनकॉर्डच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये दुसऱ्याच फेरीत निकाल लागला. मग देशभरच्या चर्चची संमती. ऑगस्टमध्ये मिनियापोलिसच्या महासभेत आधी प्रतिनिधींनी ती दिली, नंतर बिशपांनी: 62 बाजूने, 43 विरुद्ध.

(दृश्य: हरकत घेणारे माइकपाशी)

कोणाची हरकत असेल तर बोला, असं विधीतच विचारलं जातं. तिघं पुढे आलीत. विरोधकांच्या हाती लॅम्बेथ परिषदेचा, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेचा, 1998 चा ठराव आहे: समलिंगी आचरण पवित्र शास्त्राशी विसंगत. एक जण शरीरसंबंधांची वर्णनं करू लागतो, तेव्हा अध्यक्ष बिशप फ्रँक ग्रिसवोल्ड त्याला थांबवतात. बाकी सगळं ऐकून घेतात, आभार मानतात, आणि विधी पुढे नेतात.

(दृश्य: बिशपांचा घोळका रॉबिन्सन यांच्या डोक्यावर हात ठेवतो, हेच हस्तार्पण. निवेदन थांबते, प्रार्थनेचा आवाज)

बिशपची टोपी हाती देताहेत ते मार्क अँड्र्यू.

नव्या बिशपांनी त्या दिवशी समर्थकांना सांगितलं, की या घटनेने ज्यांचं मन दुखावलंय तेही श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, त्यांच्याशी प्रेमाने वागा.

2008 च्या लॅम्बेथ परिषदेला जगभरचे अँग्लिकन बिशप बोलावले गेले, रॉबिन्सन यांना निमंत्रण नव्हतं. 2009 मध्ये नाराज मंडळ्यांनी उत्तर अमेरिकेत वेगळं चर्च स्थापलं. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ज्या अँग्लिकन परिवारात आहे, त्यात हा वाद अजून चालू आहे. न्यू हॅम्पशायरचे बिशप मात्र 2013 च्या सुरुवातीला निवृत्त होईपर्यंत रॉबिन्सनच होते.