एक ठोका थांबा, दोन ठोके चला

नमस्कार श्रोतेहो. परळला बरीच वर्षं मी दातांचा दवाखाना चालवते. आज अक्कलदाढेबद्दल बोलायचंय. तिच्या दुखण्याबद्दल थोडं आणि ती काढून घ्यायच्या भीतीबद्दल जास्त. दुखण्यावर औषध आहे हो, पण भीतीपायी माणसं महिनोन् महिने अंगावर काढतात आणि सोपं काम अवघड करून आमच्याकडे येतात.

ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. मग ती अर्धीच वर येते, नाहीतर आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकते. अर्ध्या आलेल्या दाढेवर हिरडीची झालर राहते. त्या झालरीखाली पोह्याचा कण, शेंगदाण्याचं साल जाऊन बसतं, ब्रश काही तिथे पोचत नाही. हिरडी सुजते, ठणका कानापर्यंत जातो, तोंड उघडेना होतं. गोळी घेतली की उतरतं आणि पुन्हा कधीतरी उसळतं. कारण ती झालर तिथेच आहे आणि दाढही तिथेच आहे.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कशा करायच्या, हे तुम्हाला सांगायला नको. जेवणानंतर दरवेळी करा. लवंगेचं तेल चालतं, पण कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, तोही तेवढ्यापुरता. बोटाने हिरडीवर चोळलं तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून झोपणारी माणसं मी नेहमी बघते. सकाळी गालात पांढरा चट्टा पडलेला असतो. गोळी गिळायची असते, लावायची नसते. सूज असेल तर बाहेरून गरम शेक नको, थंड फडकं धरा. आणि मशेरी लावून ठणका मारायची सवय तर सोडाच. ठणक्यासाठी म्हणून सुरू झालेली मशेरी ठणका गेल्यावरही सुटत नाही.

आता तुम्हाला एका मोटरमनची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. मध्य रेल्वेवर लोकल चालवणारे, तिशी ओलांडलेले, उंचेपुरे गृहस्थ. त्यांची पत्नी त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. उजवा गाल टम्म सुजलेला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रात्रभर घरात येरझाऱ्या घालतात आणि उजाडलं की म्हणतात, आता बरंय." ड्यूटीच्या आधी कसलीच गोळी घ्यायची नाही, हा त्या माणसाचा नेम होता. मागे बारा डबे भरून माणसं, डोळ्यांवर जराही पेंग नको. म्हणून ते गालात लवंग धरून कल्याण ते सीएसएमटी गाडी आणत होते. गाडी दोन मिनिटं उशिरा आली की आपण फलाटावर मोटरमनच्या नावाने बोटं मोडतो. मला हे अजिबात आवडत नाही. इतकी माणसं रोज सुखरूप घरी पोचवणाऱ्याला आपण कधी मान वळवून बघतसुद्धा नाही. असो.

त्या दिवशी दाढ काढायचा प्रश्नच नव्हता. पू झालेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही, कारण तिथे आम्लता वाढलेली असते. हे लक्षात ठेवा श्रोतेहो, पुन्हा सांगते: सूज असताना भूल कमी चढते. "इंजेक्शन देऊनही मला दुखलं" असं ज्यांच्या तोंडून तुम्ही ऐकलंय, त्यांतले बरेचजण दुखणं शिगेला पोचल्यावर गेलेले असतात. मी झालरीखालची घाण धुऊन काढली, औषध लिहून दिलं, मोठा एक्स-रे काढायला सांगितला आणि सूज उतरल्यावर बोलावलं.

सूज उतरली. ते आले, खुर्चीत बसले आणि लगेच उठून उभे राहिले. पुन्हा बसले. हात मात्र खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट, बोटांची पेरं पांढरी. मी सुई बाजूला ठेवली आणि विचारलं, "नक्की कशाची भीती वाटते?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "लहानपणी गावच्या बाजारात आजोबांची दाढ काढताना बघितलंय. दोघांनी धरून ठेवलं होतं. ते थांबा म्हणत होते, कुणी थांबलं नाही." थोडं थांबून पुढे म्हणाले, "मॅडम, माझ्या हातात कायम ब्रेक असतो. इथे माझ्या हातात काहीच नाही."

मी म्हटलं, मग ब्रेक तुमच्याच हातात देते. हात वर करा, मी थांबते. ते म्हणाले, "हात नको, घंटी ठेवू." लोकलमध्ये मागच्या डब्यातला गार्ड मोटरमनला घंटीने खुणा करतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तर ठरलं असं: खुर्चीच्या दांड्यावर एक ठोका, मी थांबायचं. दोन ठोके, मी पुढे जायचं. दोन ठोके आल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

भूल दिली. मिनिटभरात एक ठोका. "छाती धडधडतेय." मी सांगितलं, भुलीच्या औषधात थोडं अ‍ॅड्रेनॅलिन असतं, रक्त कमी यावं म्हणून. त्याने धडधडतं, थोड्या वेळात थांबेल. थांबलं. दोन ठोके. ओठ जड झाला, जीभ बधिर झाली. मी म्हटलं, आता दुखणार नाही, पण दाब जाणवेल. हे तुम्हीही ऐकून ठेवा. भूल दुखणं मारते, दाब मारत नाही. जबडा ढकलल्यासारखा वाटतो आणि माणूस समजतो, भूल उतरली. तसं नसतं. पण खरंच दुखलं तर सांगा, आणखी भूल देता येते.

दाढ आडवी होती. मी ती मधोमध कापायला घेतली आणि कट्‌कन आवाज झाला. एक ठोका. मी हात काढून घेतला. डोळे मिटलेलेच, जड जिभेने विचारलं, "हाड मोडलं?" म्हटलं, नाही, दाढेचे दोन तुकडे केले. तुकडे करून काढली की हाड कमी कोरावं लागतं, सूज कमी येते. आवाज हाडातून थेट कानात जातो, म्हणून तुम्हाला मोठा वाटला. क्षणभर शांतता. मग दोन ठोके, चांगले खणखणीत.

पुढे ठोके नाहीत. दोन्ही तुकडे ट्रेमध्ये पडले, टाके घातले, दोरा कापला, कापसाची घडी चावायला दिली. मी हातमोजे काढत होते आणि खुर्चीतून आवाज आला. ठक, ठक. डोळे अजून मिटलेलेच. मी म्हटलं, "अहो, कल्याण आलं, उतरा." दारात उभ्या असलेल्या वहिनी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला धरावं लागलं.

श्रोतेहो, तुमच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, मला भीती वाटते. थांबण्याची खूण ठरवून घ्या. आणि आईबाबांनो, एक कळकळीची विनंती. "दूध पी, नाहीतर डॉक्टरकाकू सुई टोचतील" हे बंद करा. त्या मुलाला पुढे पंचविशीत आमच्या खुर्चीत बसायचं असतं.

काही गोष्टी भराभर सांगते. साध्या भुलीखाली दाढ काढायची असेल तर उपाशी येऊ नका, पोटभर खाऊन या. पूर्ण बेशुद्ध करणार असतील तरच उपाशी राहायचं, ते डॉक्टर आधी सांगतात. वरची दाढ काढली की नजर कमी होते, हे साफ खोटं आहे. दाढेची नस वेगळी, डोळ्याने दिसण्याची नस वेगळी. प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असंही नाही. सरळ आली, साफ करता येते, त्रास नाही, तर राहू द्या. खालच्या दाढेचं मूळ ओठाच्या नसेजवळ असलं तर क्वचित ओठ काही काळ बधिर राहू शकतो. एक्स-रे त्यासाठीच, त्याबद्दल आधीच विचारा.

दाढ काढल्यावर पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, सिगारेट, तंबाखू नाही. पुन्हा सांगते, थुंकायचं नाही. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसलेली असते, ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भयंकर ठणका लागतो. तसा लागला तर सहन करू नका, परत जा, औषधाची पट्टी भरली की आराम पडतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते, त्याने घाबरू नका.

मात्र गिळता येत नाही, जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज पसरतेय, ताप आहे, श्वास जड होतोय, असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

आणि खर्चामुळे कुणी थांबलं असेल तर मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, जे काही चालू असेल त्याची चिठ्ठी बरोबर न्या आणि त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. नमस्कार.