तंबू आधी की फोटो?

एका रात्रीच्या सायकल सफरीचा बेत फार सुटसुटीत असतो. दुपारी निघायचं, कुठेतरी तंबू ठोकायचा, सकाळी उठून परत यायचं. फोटो काढणाऱ्याची पंचाईत इथेच होते. उन्हाळ्यात दिवसभराचा उजेड कोरडा, पांढरा आणि डोक्यावरून पडणारा. बघण्यासारखा उजेड मिळतो दोनदाच, सूर्यास्ताच्या आणि सूर्योदयाच्या आगेमागे. आणि नेमके तेव्हाच आपले हात खुंट्या ठोकण्यात नाहीतर सामान बांधण्यात अडकलेले असतात. त्यामुळे लेन्स कोणती घ्यावी हा तुमचा लाडका प्रश्न आज मी मागे ठेवतो. आधी घड्याळाचं बोलू.

माझा आग्रह एकच आहे: सूर्यास्ताच्या निदान दीड तास आधी मुक्कामाला पोचा. तंबू उभा करा, पाणी भरून ठेवा, जेवण उरका किंवा सरळ अंधार पडल्यावर करा. ऊन कमी झालं की निघू, असं सगळेच म्हणतात, आणि मग अंधारात चाचपडत तंबू लावतात. त्यांच्याकडे फोटो म्हणून एक हेडलॅम्पचा झोत उरतो.

सूर्य मावळल्यानंतर तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा काळ म्हणजे नागरी संधिप्रकाश. हा काळ सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्ताजवळ तो वीस-बावीस मिनिटांत संपतो. ५० अंश उत्तर अक्षांशावर जूनमध्ये पाऊण तास टिकतो. आपण जिथे जाणार तिथला आकडा आधी बघून ठेवावा, कारण आतून उजळलेल्या तंबूचा जो फोटो सगळ्यांना हवा असतो, तो या काळाच्या शेवटच्या काही मिनिटांतच जमतो. त्याआधी आकाश इतकं उजळ असतं की तंबूतला दिवा कळतच नाही. त्यानंतर आकाश काळं पडतं आणि फोटोत नुसता कंदील लटकल्यासारखा दिसतो.

हा फोटो कसा घ्यायचा ते जरा सावकाश सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर. ट्रायपॉड आणला नसेल तर सायकलच्या सीटवर गुंडाळलेला टॉवेल ठेवून त्यावर. सायकल मात्र झाडाला घट्ट टेकलेली हवी. पहिल्यांदा तंबू विसरा आणि फक्त आकाशासाठी एक्स्पोजर, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते, ठरवा. समजा, आठ सेकंद आलं. आता तंबूत दिवा लावून फोटो घ्या. तंबू बहुधा पांढराफटक येईल, कारण हेडलॅम्प अगदी मंद ठेवला तरी आठ सेकंदांत तो भरपूर उजेड टाकतो. कॅमेऱ्याला हात लावू नका. आत बसलेल्या माणसाला सांगा, शटर उघडल्यावर दिवा दोनच सेकंद लाव आणि बंद कर. आकाशाला आठ सेकंद मिळाले, तंबूला दोन. दिव्याचं तोंड कापडाकडे न ठेवता जमिनीवर पसरलेल्या फिकट रंगाच्या शर्टाकडे वळवा, म्हणजे उजेड सगळीकडे पसरतो. आतला माणूस हलला तर त्याची सावली कापडावर पुसट होते; त्याला झोपायलाच सांगितलेलं बरं. एकटेच असाल तर टायमर लावून पळा. हसू नका, सगळे तेच करतात.

चालत्या सायकलचा फोटो हा वेगळा उद्योग. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवलं की चाकाचे आरे गोठतात आणि सायकल उभीच असल्यासारखी दिसते. १/३० च्या आसपास या, सायकलबरोबर कॅमेरा फिरवा. माणूस स्पष्ट, मागचं सगळं ओढल्यासारखं. दहातले आठ वाया जाणार, हे धरूनच चाला. सोबत कोणी नसेल तर कॅमेरा रस्त्याकडेला ठेवून दर सेकंदाला एक फोटो असं लावायचं आणि मागे जाऊन पुन्हा यायचं. यात पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणून असा थांबा एकच ठरवा, तोही परतीच्या पहाटे. तेव्हा सूर्य खाली असतो आणि आरे चमकतात.

टेकवून ठेवलेल्या सायकलच्या फोटोवर सायकलवाल्यांचे अलिखित नियम आहेत: साखळीची बाजू पुढे, पॅडल अमुक कोनात. हे पाळायला माझी हरकत नाही, पण दगडधोंड्यातून आलेल्या सायकलचा फोटो दुकानातल्या जाहिरातीसारखा का यावा, ते मला कळलेलं नाही. चिखल राहू द्या.

दुपारी काय काढायचं? चेहरे नकोत, हेल्मेटची सावली डोळे खाते. सावलीत थांबाल तेव्हा जवळचं काढा, पंक्चर काढणारे हात, हँडलला बांधलेला नकाशा.

१८८८ साली कोडॅकचा पहिला कॅमेरा आला, तेव्हा त्यात १०० फोटोंची फिल्म भरलेली असे. संपली की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. थॉमस अ‍ॅलन आणि विल्यम सॅक्टलबेन हे दोघे अमेरिकन तरुण १८९० ते १८९३ सायकलवरून जगप्रवासाला गेले, तेही कोडॅक घेऊनच. आपण एका रात्रीत चारशे फोटो काढतो आणि मग निवडायला बसत नाही. माझं मत विचाराल तर निघण्याआधी कागदावर दहा फोटो लिहून काढा. बाकीचे वाटेत आपोआप होतील.

फोन वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हँडलवर लावलेला फोन भर उन्हात तापतो. आयफोन वापरताना हवेचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर नसावं असं अ‍ॅपलच सांगतं, आणि उन्हाळ्यातली दुपार तिथे लवकर पोचते. फोन बॅगेत ठेवा, रात्रीसाठी बॅटरीही वाचते.

ताऱ्यांसाठी जुना ठोकताळा पुरेसा आहे. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा. २४ मिमी लेन्स, फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) कॅमेरा, साधारण वीस सेकंद. त्यापुढे तारे रेघा होऊ लागतात.

पहाटे लेन्सवर दव धरतं, कारण निरभ्र रात्री उघड्यावर राहिलेली काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. रात्री कॅमेरा बॅगेत घालून तंबूत, स्लीपिंग बॅगजवळ ठेवा. आणि पहाटे गजर झाला की आधी बाहेर या, सामान मागाहून. सूर्य तंबूच्या पाठीमागे घ्या. कापडाच्या आतला प्रत्येक थेंब दिसतो.

परतीच्या वाटेवर कोणी फोटो काढत नाही. ऊन चढलेलं असतं, पाय दुखत असतात. पण दारात पोचल्यावर एक काढाच, दोरीवर वाळत घातलेल्या तंबूचा, तोही सफरीतलाच आहे. फोटो नको असेल तरी तंबू त्याच दिवशी उलगडा. दमट गुंडाळून ठेवला की बुरशी येते, आणि असं वारंवार झालं की आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटू लागतो.