गाठ दिसली, मंग कापत काऊन नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

"लेकराले आंघोळ घालत होती, तं हाताले टणक लागलं." मी लहान मुलांची ऑपरेशनं करते, आणि वर्धा-यवतमाळकडच्या कितीतरी आया माझ्यासमोर बसून याच वाक्यानं सुरुवात करतात. लेकरू तीन-चार वर्षांचं. खेळतंय, जेवतंय, पण पोट एका बाजूनं वर आलेलं. तोवर जंताचं औषध देऊन झालेलं असतं, तेल लावून पोट चोळूनही झालेलं असतं. सोनोग्राफीत किडनीवर गाठ निघते. या कर्करोगाला विल्म्स ट्यूमर म्हणतात. माक्स विल्म्स नावाच्या जर्मन सर्जननं १८९९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं, म्हणून हे नाव.

मी सांगते, आधी चार आठवडे केमो, म्हणजे कर्करोगावरची औषधं, मग ऑपरेशन. बापाचा चेहरा उतरतो. "मॅडम, गाठ दिसली, मंग कापत काऊन नाही?"

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतले डॉक्टर बहुतेकदा आधी कापतातच. युरोपातल्यांनी आधी औषधाची वाट धरली. आपल्याकडे लेकरं येतात तीच मोठी गाठ घेऊन, म्हणून मलाही ही वाट बरी वाटते. पिकलेलं सीताफळ जरा दाबलं की हातातच फुटतं ना, तशी ही गाठ असते. ऑपरेशनमध्ये फुटली तर कर्करोगाच्या पेशी पोटभर सांडतात. मग पोटाला शेक म्हणजे रेडिएशन द्यावं लागतं, औषधंही वाढतात. केमोनं बहुतेकदा गाठ आक्रसते, वरचं आवरण घट्ट होतं आणि ती त्या बाजूच्या किडनीसकट अख्खी काढता येते. म्हणूनच हात जोडून सांगते, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला लेकराचं पोट दाबून पाहू देऊ नका.

गाठ किडनीपुरतीच असेल तर औषधं दोन. डॅक्टिनोमायसिन महिन्यात दोनदा, व्हिन्क्रिस्टिन दर आठवड्याला, दोन्ही शिरेतून. फुप्फुसात पसरली असेल तर तिसरं औषध जोडून सहा आठवडे. यातलं व्हिन्क्रिस्टिन तुमच्या अंगणातल्या सदाफुलीतून निघतं. पण हे ऐकून पानांचा काढा पाजू नका बाप्पा! ढीगभर पानांतून चिमूटभरही औषध निघत नाही, आणि कच्चं झाड विषारी आहे.

केस गळतील, पुन्हा येतील. संडास घट्ट होईल, ते लपवू नका. ताप आला तर मात्र रात्रीचे दोन वाजलेले असोत, सकाळची एसटी पाहत बसू नका, दवाखाना गाठा.

मला खरी धास्ती असते ती तिसऱ्या आठवड्याची. पोट उतरतं, लेकरू हसायला लागतं, आणि तिकडे कापूस वेचणीला आलेला. "गाठ तं जिरली, आता कायले कापता?" असं म्हणून एक कुटुंब दिवाळीच्या सुमारास गावी गेलं. संक्रांतीनंतर परत आलं तेव्हा गाठ पहिल्यापेक्षा मोठी होती आणि छातीतही उतरली होती. गाठ लहान झाली म्हणजे आता कापायची वेळ आली. ऑपरेशननंतरही, गाठीची तपासणी पाहून, काही आठवडे ते काही महिने केमो असतेच.

पैशासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी सोबत आणा. वेळेत आलेली, उपचार पुरे केलेली बहुतेक लेकरं बरी होतात.

शेवटी बाप दारातून मागं वळून विचारतो, "एका किडनीवर पोरगा पुढं वखर हाकंल का?"

हाकेल. शाळेत मात्र आधी पाठवा.