मार्क असताना आर्ट्सला कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की कॉलेजांच्या आवारात प्लास्टिकच्या फायली दिसायला लागतात. आत मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, आधारच्या झेरॉक्स. फाईल बहुतेक वेळा वडिलांच्या नाहीतर आईच्या हातात असते आणि जिचं किंवा ज्याचं शिक्षण आहे ते पोर दोन पावलं मागे उभं असतं. भौतिकशास्त्र शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण या दिवसांत मला घरी बसवत नाही. मुलांशी, पालकांशी बोलायला जाऊन बसते.

गेल्या आठवड्यात असेच एक वडील आले. कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्रीत मोल्डर आहेत, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करतात. पहिल्या पाळीवरून थेट आले होते, शर्टाच्या बाहीवर अजून काळी वाळू होती. म्हणाले, "मॅडम, पोरीला सायन्सला ब्याऐंशी टक्के पडल्यात. आणि आता म्हणतीया, बी.ए. करणार. मार्क असताना आर्ट्सला कशाला घालायचं?"

'मार्क असताना.' हे दोन शब्द मी किती वर्षं ऐकते आहे. खिशात पैसे असताना स्वस्तातली वस्तू कशाला घ्यायची, असा त्यामागचा हिशेब असतो. या हिशेबानं दोन्हीकडच्या मुलांचं नुकसान केलं आहे. विज्ञानाच्या वर्गात मी अशी कितीतरी मुलं पाहिली की ज्यांना प्रयोगात काडीचा रस नव्हता, केवळ मार्क होते म्हणून ती तिथं होती. आणि कला शाखेच्या वर्गात पहिल्या दिवशी अशी मुलं येतात की जी मनातून हरूनच आलेली असतात, कारण 'दुसरं काही मिळालं नाही म्हणून इकडं' हे त्यांनी घरी दहा वेळा ऐकलेलं असतं. त्यांना इतिहास शिकवायच्या आधी धीर द्यावा लागतो.

माझ्या बाबतीत हे एका खिडकीवर ठरलं. १९८० साल. दहावीला मला संस्कृतात सगळ्यांत जास्त मार्क होते आणि संस्कृतच शिकायचं होतं. खिडकीतल्या गृहस्थांनी मार्कलिस्ट पाहिली, "एवढे मार्क असून इकडं कशाला?" म्हणाले आणि शास्त्र शाखेचा फॉर्म पुढे सरकवला. वडिलांनी सही केली. मी शेजारीच उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

पुढे पदवीच्या वर्गात असताना एकदा स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राच्या, दुर्बिणीतून सोडियमच्या दिव्याचा उजेड बघत होते. एकच पिवळी रेषा दिसत होती. ग्रेटिंग, म्हणजे बारीक रेघांची काच, आणि फोकस नीट बसवत गेले आणि ती रेषा अलगद फुटली, एकाच्या दोन झाल्या. पिवळ्या, बारीक, अगदी शेजारी शेजारी. त्या दिवसापासून मी भौतिकशास्त्राची झाले ती आजतागायत. म्हणजे माझं वाईट झालं नाही. पण पंचेचाळिसाव्या वर्षी मी मोडी लिपी शिकायला गेले, तेव्हा जुन्या कागदावरचं पहिलं वाक्य लागल्यावर डोळ्यांत पाणी आलं. खिडकीवर न विचारलेला प्रश्न तोपर्यंत माझ्यासोबत चालत आला होता.

आता तुम्ही म्हणाल, मार्कांवर ठरवायचं नाही तर कशावर? माझं उत्तर आहे, मुलांच्या प्रश्नांवर. पोर आपणहून कोणते प्रश्न विचारतं ते ऐकावं.

आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे सरकत सरकत गाभाऱ्यात पोचतात आणि पायांपासून वर चढत जातात. पुष्कळ वर्षं मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथं जात असे. घरी बसून एवढंच मोजून बघा: १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस. आणि २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंतही ४१ दिवसच. सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो, डिसेंबरच्या त्या टोकाला पोचून मागे फिरतो आणि तेवढ्याच दिवसांनी क्षितिजावरच्या त्याच जागी पुन्हा मावळतो. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा तीच तिरीप आत येते. हे वर्गात सांगितलं की काही मुलांचे डोळे चमकायचे. मग त्यांचे प्रश्न सुरू. कोन किती? महाद्वार रोडवर इमारत आणखी एक मजला चढली तर किरण कुठं अडतील? हवेत धूळ असली की उजेड कितीनं कमी होतो?

त्याच घोळक्यात दुसरी मुलं असायची. त्यांना कोनात रस नसायचा. ती विचारायची, मॅडम, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं की आपोआप जमलं? देऊळ एकदम बांधलं की टप्प्याटप्प्यानं? कुणी लिहून ठेवलंय का? आता या प्रश्नांना माझ्या स्पेक्ट्रोमीटरचा काय उपयोग? इथल्या शिलाहार राजांचे लेख वाचायचे तर संस्कृत पाहिजे, जुनी कन्नड पाहिजे, दगडावरचं अक्षर ओळखता आलं पाहिजे. त्यालाही वर्षानुवर्षांची मेहनत लागते, आणि चूक झाली तर शतकाची होते. हे प्रश्न सोपे आहेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मोडीचं एक पान लावून बघावं.

कोणत्या प्रश्नापाशी पोर रेंगाळतं हे आई-वडिलांना दिसू शकतं. त्यासाठी कल चाचणी लागतेच असं नाही, जेवताना चाललेल्या गप्पा पुरतात.

त्या मोल्डर वडिलांच्या मुलीकडे मी वळले. "तुला काय शिकायचंय?" ती बोलली नाही. दप्तरातून एक वही काढली, दोनशे पानी, कव्हर ओल लागून फुगलेलं. घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा नदीच्या बाजूला. २०१९ च्या महापुरात पाणी उतरल्यावर भिंतीवर जो मातकट पट्टा राहिला, त्यावर तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि उंबऱ्यापासून टेपनं उंची मोजून वहीत लिहिली होती. तेव्हा ती सहावीत होती. २०२१ ला दुसरी रेघ. मग गल्लीतल्या घराघरांत जाऊन दोन्ही वर्षांच्या उंच्या. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज पेपरातून उतरवलेली. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. पण हिनं पुढं लिहिलं होतं की बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी लागायला किती तास लागतात.

इथपर्यंत मला वाटलं, ही तर पक्की विज्ञानाची. मग मागची पानं उलटली. तिथं माणसं होती. कोण नातेवाइकांकडे गेलं, कोण शाळेतल्या छावणीत, कोण शेवटपर्यंत माळ्यावर बसून राहिलं. एका काकांनी सांगितलं होतं, म्हशी सोडून कसा जाऊ? एका आजींनी सांगितलं होतं, २००५ ला पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं, म्हणून याही वेळी थांबेल असं वाटलं. आणि पानाच्या तळाशी मुलीच्या अक्षरात एक प्रश्न, खाली दोन रेघा मारून: 'पाणी येणार हे कळूनसुद्धा माणसं का थांबली?'

श्रोतेहो, हा प्रश्न मी त्या वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. पाटबंधारे खातं पूर कुठवर येऊ शकतो ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा आखतं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पातळी गाठली की उघडतात, पावसाचे आकडे तासातासाला येतात. हे सगळं विज्ञान आहे आणि त्यानं हजारो जीव वाचवले आहेत. पण दारात होडी आली असताना माणूस त्या होडीत का बसत नाही, हे समजून घ्यायला समाजशास्त्र लागतं, मानवी भूगोल लागतो, लोकांच्या आठवणी नीट नोंदवण्याचं शास्त्र लागतं. या मुलीला तेच करायचं आहे. तिनं सहावीपासून सुरू केलेलं आहे, आपण फक्त त्याला शाखेचं नाव शोधतो आहोत.

गणितातलं डोकं इतिहासाला किती कामी येतं, याचा एक दाखला मला फार आवडतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती. त्यांनी प्राचीन भारतातली आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली चांदीची नाणी, हजारोंनी तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं आणि हलकं होतं. या झिजेचा संख्याशास्त्रानं हिशेब मांडून कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, याचा क्रम त्यांनी लावला. आणि जयंत नारळीकर तर आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले. वडील गणिती, आई संस्कृतच्या विदुषी. त्या घरात वाढलेल्या मुलानं विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन केलं आणि मराठीत विज्ञानकथाही लिहिल्या.

आता व्यवहाराचं बोलायला हवं, कारण वडिलांची काळजी खोटी नव्हती. आपल्याकडे दारं एका बाजूनंच उघडतात. बारावी सायन्स केलेलं पोर बी.ए.ला जाऊ शकतं, कायद्याला जाऊ शकतं. बारावी आर्ट्स केलेल्याला इंजिनिअरिंग, मेडिकल, सर्वसाधारणपणे बी.एस्सी.सुद्धा बंद. अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंगचं दार बहुतेक तिथंच लागतं. हे पालकांना नेमकं ठाऊक असावं. पण म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून सायन्स घ्यावं, हे मला मान्य नाही. ज्याला भौतिकशास्त्राची गणितं बघून पोटात गोळा येतो, त्या पोराची दोन वर्षं आणि क्लासची लाखाच्या घरातली फी 'दार उघडं राहावं' म्हणून घालवायची, हे क्रूर आहे. ज्यांचं मन खरंच दोन्हीकडे आहे त्यांनी विचारून घ्यावं: अकरावी सायन्सला भूगोल हा विषय घेता येतो. या मुलीनं तो घेतला होता. किती पालकांना हे माहीतच नसतं!

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या बी.ए.वर लगेच नोकरी मिळणं अवघड आहे, हे मी लपवणार नाही. नुसत्या बी.एस्सी.चंही तेच आहे, ते मात्र लपवलं जातं. दोन्हीकडे पदव्युत्तर शिक्षण लागतं, किंवा जोडीला एखादं कसब. भूगोलवाल्यानं उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायला शिकावं, भाषावाल्यानं भाषांतर, इतिहासवाल्यानं मोडी. आणि कला शाखा म्हणजे फक्त स्पर्धा परीक्षेची तयारी, ही जी समजूत झाली आहे ती सोडावी. तिकडे अभ्यासिकेत इंजिनिअर झालेली मुलं इतिहास आणि राज्यघटना पाठ करताना दिसतात. त्यांतल्या काहींना तो विषय मनापासून आवडतो, हे त्यांना चार वर्षं उशिरा कळलेलं असतं.

एक गोष्ट मात्र आमच्या वेळेपेक्षा बरी झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला मुख्य विषय एका विद्याशाखेचा असला तरी खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा असतो. पण बहुतेक मुलं 'मार्क कुठं सहज पडतील' एवढंच बघून तो निवडतात. कॉलेजांनीही तो वेळापत्रकातला मोकळा तास भरण्यासाठी लावू नये. बी.ए.च्या पोरीला संख्याशास्त्र आणि बी.एस्सी.च्या पोराला स्थानिक इतिहास मनापासून शिकवला, तर माझ्यासारखं पंचेचाळिशीपर्यंत थांबावं लागणार नाही.

त्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग वही हातात घेतली आणि म्हशींचं पान काढून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हे काका म्हणजे माझा थोरला भाऊ." एवढंच बोलले. फॉर्म त्या दिवशी भरला नाही. मुदत अजून चार दिवस आहे. मुलगी भूगोल आणि समाजशास्त्र कुठं कुठं शिकवतात याची यादी करते आहे, आणि परवा दोघं पुन्हा येणार आहेत. फाईल या वेळी तिच्या हातात द्या, एवढं मी त्यांना सांगितलं आहे.

नमस्कार.