व्रणाविना जखम भरेल का?

नमस्कार. जखम भरली असं आपण नेमकं कधी म्हणायचं, इथून सुरुवात करू या. रक्त थांबलं, खपली धरली, ती गळून पडली आणि खाली गुलाबी कातडी दिसली, की आपण सुटकेचा श्वास टाकतो. सुश्रुतसंहितेची कसोटी याहून कडक आहे. गाठ नाही, सूज नाही, वेदना नाही, रंग भोवतालच्या त्वचेसारखा आणि पृष्ठभाग समतल, अशी जखम तिथे नीट भरलेली मानली आहे. जखमेवरच्या उपचारांच्या यादीत त्या जागी पुन्हा केस उगवावेत यासाठीचा उपायही आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं. कारण आज प्रयोगशाळेत 'ही त्वचा खरोखर नव्याने घडली का' हे ठरवताना जे आवर्जून पाहतात, ते हेच: केस आले का?

व्रणावर, म्हणजे जखम भरल्यावर मागे राहणाऱ्या खुणेवर, केस येत नाहीत. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या नसतात. निरोगी त्वचेत कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू चटईच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून ती कुठल्याही बाजूला ताणली तरी परत जागेवर येते. व्रणात तेच तंतू दाटीवाटीने एका दिशेला लागतात. परिणामी व्रण कितीही जुना झाला तरी मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपलीकडे मजबुती येत नाही.

व्रणाचा विषय निघाला की लोक सौंदर्याबद्दल बोलू लागतात. चेहऱ्यावरचा व्रण माणसाला किती छळतो हे मला ठाऊक आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण भाजलेल्या माणसाचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसं भाजून मरतात, आणि जी वाचतात त्यांतल्या अनेकांची पुढची लढाई व्रणाशीच असते. मानेवरचा व्रण आखडतो आणि हनुवटी छातीकडे ओढली जाते. कोपर सरळ होत नाही, बोटं मिटलेली राहतात. अंगाचा मोठा भाग व्रणाने झाकला गेला तर घाम पुरेसा येत नाही आणि उन्हाळा धोक्याचा होतो. लहान मुलांचं दुखणं तर वेगळंच: मूल वाढतं, व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही. म्हणून आखडलेली कातडी मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया वयात येईपर्यंत पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. व्रणाविना जखम भरण्याच्या शोधाकडे मी या मुलांच्या बाजूने पाहतो.

मग शरीर असं का करतं? घाईमुळे. उघडी जखम म्हणजे जंतूंना मोकळी वाट. ती लवकर बुजवणं हे जिवंत राहण्यासाठी सुबक विणकामापेक्षा महत्त्वाचं. जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या, कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी तिथे जमतात. त्यांतल्या काहींमध्ये स्नायूसारखी आकुंचन पावण्याची ताकद येते. १९७१ मध्ये जूलिओ गाबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी ओळखल्या, आज त्यांना आपण मायोफायब्रोब्लास्ट म्हणतो. त्या जखमेच्या कडा एकमेकींकडे खेचतात आणि भराभर कोलॅजेन ओततात. काम झाल्यावर त्यांनी निघून जायचं असतं. त्या रेंगाळल्या की व्रण जाड होतो, उंचावतो, खाजतो. केलॉइड या प्रकारच्या व्रणात तर तो मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो.

पण हे अटळ नाही, याचा पुरावा आपण प्रत्येकजण जन्माआधी अंगावर वागवलेला आहे. १९७९ मध्ये वीस आठवड्यांच्या मानवी गर्भावरची एक जखम अभ्यासली गेली, तेव्हा ती मोठ्या माणसाच्या जखमेसारखी भरत नव्हती, असं दिसलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मायकेल हॅरिसन, स्कॉट ॲडझिक, मायकेल लाँगेकर या शल्यविशारदांनी मेंढीच्या गर्भावर पद्धतशीर काम केलं. गर्भाच्या त्वचेला छेद दिला तर ठरावीक वयापर्यंत तो मागमूस न ठेवता भरतो. माणसात ही मुदत साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत धरतात.

पहिला तर्क सोपा होता: गर्भाशयातला द्रव, ऊब, निर्जंतुक वातावरण यांचीच ही किमया असणार. मग दोन प्रयोग झाले, आणि या सगळ्या इतिहासात मला ते सर्वांत सुंदर वाटतात. मोठ्या मेंढीची त्वचा गर्भातल्या कोकरावर लावली आणि तिथे तिला छेद दिला. त्याच द्रवात, त्याच उबेत ती व्रणासहच भरली. दुसऱ्या प्रयोगात मानवी गर्भाची त्वचा प्रौढ उंदराच्या कातडीखाली रोवून तिला जखम केली. ती व्रणाविना भरली. म्हणजे गुण वातावरणाचा नव्हता, त्वचेतल्या पेशींचा होता. हे कळल्यावर प्रश्नच बदलला. गर्भाच्या पेशींना काय येतं, आणि ते आपल्या पेशी का विसरतात?

उत्तर रसायनांत शोधलं गेलं. गर्भाच्या जखमेत दाह, म्हणजे लाली आणि सूज आणणारी शरीराची प्रतिक्रिया, फारसा होत नाही, हायालुरॉनिक आम्ल भरपूर असतं, आणि टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या प्रकारांचं प्रमाण वेगळं असतं: पहिला प्रकार कमी, तिसरा जास्त. मँचेस्टरच्या मार्क फर्ग्युसन यांनी या तिसऱ्या प्रकारापासून औषध बनवलं, अव्होटर्मिन. त्यासाठी रेनोव्हो ही कंपनी निघाली. छेदाच्या कडांना ते टोचायचं. २००९ मध्ये सुरुवातीच्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले, व्रण खरोखर बरे दिसत होते, आणि जगभर आशा पालवली. २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी अपयशी ठरली. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या व्रणांत अपेक्षित फरक दिसला नाही.

या अपयशाला मी वाया गेलेलं काम म्हणत नाही. जखमेत शेकडो संदेश एकाच वेळी धावत असतात. त्यांतला एक वाढवला म्हणून बाकीचे गप्प बसत नाहीत, हे त्यातून कळलं.

दरम्यान निसर्गाने आणखी उदाहरणं पुढे केली. केनियात आढळणाऱ्या काटेरी उंदराची कातडी शत्रूच्या तोंडात सहज फाटून येते, आणि तेवढी त्वचा तो केसांसकट पुन्हा उगवतो. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा सस्तन प्राण्यांबद्दलची आपली समजूत हलली. रेनडिअरचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. त्याच्या शिंगांवरची मखमली त्वचा जखमेनंतर व्रणाविना भरते, आणि त्याच जनावराच्या पाठीवर मात्र व्रण पडतो. एकच शरीर, एकच जनुकसंच! कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की फरक फायब्रोब्लास्टमध्ये आहे. पाठीवरचे दाहाला आमंत्रण देतात, शिंगावरचे त्याला आवर घालतात.

आता ताणाकडे येतो, कारण माझ्या मते सध्या सर्वांत भरवशाची वाट तीच आहे. व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये त्वचेतल्या ताणाच्या रेषा दाखवल्या. शल्यविशारद छेद घेताना असल्या रेषांचा विचार करतात, कारण ताणाला आडवा छेद घेतला की व्रण रुंदावतो. छातीवर, खांद्यावर व्रण जाड का होतात, याचं एक कारण तेच. जे हाताला माहीत होतं त्याची पेशीतली यंत्रणा मात्र अलीकडे उलगडली. स्टॅनफर्डमध्ये लाँगेकर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की उंदराच्या पाठीवरचा बहुतांश व्रण फायब्रोब्लास्टच्या एकाच कुळातून येतो. एनग्रेल्ड-१ हे जनुक चालू झालेल्या पेशींचं ते कूळ. २०२१ मध्ये पुढची पायरी आली: हे जनुक चालू नसलेल्या पेशीही जखमेतला ताण जाणवला की ते चालू करतात आणि व्रण घडवू लागतात. ताणाची ही खबर वाय-ए-पी नावाच्या प्रथिनामार्फत पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जिथे जनुकं असतात तिथे, पोचते. ते प्रथिन रोखणारं व्हर्टेपोर्फिन हे औषध डोळ्यांच्या विकारासाठी आधीपासून वापरात होतं. ते उंदरांच्या जखमेत टोचलं. महिन्याभरात त्या जागी केस आले, तैलग्रंथी आल्या, तंतूंची वीण पूर्ववत झाली आणि मजबुतीही.

इथे काही वेगळं घालून त्वचा घडवली नाही. व्रणाचा हुकूम अडवला, आणि त्वचेने पुढचं काम आपणहून केलं. प्रौढ प्राण्याच्या त्वचेत ही क्षमता मेलेली नसून दाबलेली असावी, असं मानायला मला यातून बळ मिळतं.

तरी तुमच्यापैकी कोणी उद्या औषधाच्या दुकानात 'व्रण घालवणारं' मलम मागायला जाऊ नये. उंदराची त्वचा सैल असते, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि तिच्या जखमा मुख्यतः आकसून मिटतात. आपली त्वचा घट्ट. म्हणून माणसाच्या जवळ जाणारे प्रयोग डुकरांवर करतात, आणि ताणाची खबर रोखल्याने तिथेही व्रण सौम्य झाल्याचं दिसलं आहे. पण मोठ्या, जंतूंनी भरलेल्या भाजलेल्या जखमेत आकुंचन थांबवलं तर ती जास्त दिवस उघडी राहील का, हा प्रश्न गंभीर आहे. वाय-ए-पी शरीरात इतरत्रही पेशींची वाढ सांभाळतं. त्यामुळे औषध किती, कधी आणि नेमकं कुठवर पोचवायचं, हे ठरवणं औषध सापडण्याइतकंच अवघड आहे. तोवर सिलिकॉनच्या पट्ट्या, दाब देणारे कपडे, जाड व्रणात स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि चिकाटीने केलेला व्यायाम हीच आपली साधनं. ती मनापासून वापरावीत.

एक मागणी मात्र मी चाचण्या आखणाऱ्यांपुढे ठेवतो. व्रण कसा दिसतो याला छायाचित्र पाहून गुण देण्याची रीत आहे. भाजलेल्या माणसांवर अशी औषधं वापरून पाहिली जातील, तेव्हा वर्षभराने कोपर किती अंशांत सरळ होतं, त्या जागी घाम येतो का, स्पर्श कळतो का आणि मूल वाढलं तशी ती त्वचा वाढली का, हे सगळं मोजलं जावं.